दुसऱ्या वर्षात मावशी

माझी मावशी टेक्स्टाइल डिझाइनच्या पदवीला आली तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि मी एकोणीस. आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. हे मला कळलं ते हजेरी घेताना.

मागच्या बाकावरून ओळखीच्या आवाजात "हजर" ऐकू आलं. मान वळवून पाहिलं तर मावशी. समोर कोरी वही, पेन्सिल, खोडरबर, आणि बाकावर डबा. वर्गात बाकी कोणाकडे वही नव्हती. कोणाकडे डबाही नव्हता.

मावशीने बावीस वर्षं शर्टिंगच्या गिरणीत तपासणी खात्यात काढली होती. खालून दिवा लावलेल्या तिरक्या काचेवरून कापड सरकत जायचं आणि ती त्यातले दोष हेरायची. तुटलेला धागा, निसटलेला धागा, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग. दुरुस्त होण्यासारखं असेल तर तिथल्या तिथे सुईने धागा भरायची, असा की विणणाऱ्यालाही सापडू नये. मग गिरणी बंद पडली. त्याच सुमारास आमच्या विद्यापीठाने एक नियम काढला की ज्यांना कामाचा अनुभव आहे त्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. असा नियम माहितीपत्रकात शोभून दिसतो. तो वाचून कोणी खरंच अर्ज घेऊन येईल, असं विभागात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"मला सांगितलं होतं तिने," आई त्या संध्याकाळी घरी म्हणाली. "तुला आधी सांगितलं असतं तर तू आजारी पडली असतीस."

त्याआधी मधल्या सुट्टीतच मी मावशीला जिन्याखाली गाठलं आणि म्हटलं, "मावशी, एक विनंती आहे. इथे कोणाला सांगू नकोस आपलं नातं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी एका बाहीचा सदरा घातला होता. दुसरी बाही मुद्दाम काढली होती.

"बरं," ती म्हणाली. "ही बाही हरवली का?"

"नाही. असंच आहे ते."

"बरं," ती पुन्हा म्हणाली आणि डबा घेऊन गेली. दुपारपर्यंत सगळा वर्ग तिला मावशी म्हणायला लागला होता, त्यामुळे मी तिला काय म्हणायचं हा प्रश्न आपोआप सुटला.

आमच्या विभागप्रमुखबाईंचं नाव आम्ही पोतबाई ठेवलं होतं. पोत हा शब्द त्यांच्या तोंडात सतत असे. कापडाचा पोत, काळाचा पोत, शांततेचा पोत. एकदा उपाहारगृहात चहा थंड आला तर म्हणाल्या, या चहाला पोत नाही. त्यांनी स्वतः शेवटचं कापड कधी विणलं हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण कापडावर बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पहिला गृहपाठ होता 'स्मृतीचं वस्त्र'. वर्गातल्या निम्म्या मुलांनी जुनी चादर चहात बुडवून आणली. उरलेल्या निम्म्यांनी कडा जाळून आणल्या. मी दोन्ही केलं. मावशीने विभागातल्या छोट्या हातमागावर दोन मीटर साधं पांढरं कापड विणून आणलं. नुसतं पांढरं. दिव्यासमोर धरलं तर एकसारखं, कुठे एक धागा इकडचा तिकडे नाही.

पोतबाईंनी ते दोन बोटांनी उचललं. "छान आहे. पण मावशी, यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कुठे असणार?"

"म्हणजे, तुमची खूण. तुमचं अस्तित्व. मला यात तुम्ही दिसत नाही."

"मी दिसले तर कापड वाया गेलं, बाई," मावशी म्हणाली.

बाई समजूतदारपणे हसल्या आणि दहापैकी चार गुण दिले. माझ्या जळक्या चादरीला साडेआठ मिळाले. मावशीने ती चादर हातात घेऊन, उलटून पाहिली. "चांगली होती गं ही," एवढंच म्हणाली. ती आमच्याच घरातली होती. आईने ती पाहताक्षणी ओळखली असती, म्हणून मी ती विभागातच ठेवली.

विभागाच्या मधल्या दालनात एक मोठा संगणकावर चालणारा माग होता. हे आमचं वैभव. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तोच होता. चार वर्षांपूर्वी त्याचं उद्घाटन झालं होतं आणि त्यानंतर त्यावर एक वीतभर कापड विणलं गेलं नव्हतं. का, ते कोणी विचारत नसे. प्रयोगशाळा सहायक म्हणत, "त्यात सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे." ते निवृत्तीला आले होते आणि त्या प्रश्नावर त्यांनी चार वर्षं आरामात काढली होती. मागाच्या दांड्यावर ते आपला टॉवेल वाळत घालत.

आम्हाला विणलेलं कापड लागलं तर आम्ही विणकामाचा फोटो काढून तो तयार पॉलिस्टरवर छापून आणत असू. विणल्यासारखं दिसायचं. टेक्स्टाइल डिझाइनच्या दुसऱ्या वर्षात असूनही मावशी सोडली तर माझ्या वर्गातल्या कोणालाही धाग्याला धागा जोडता येत नव्हता, आणि त्याची लाज वाटावी असं आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं.

मागाची आणखी एक गंमत. मागच्या वर्षी आमच्याच वर्गातल्या एका मुलाने, त्याला आम्ही तत्त्वज्ञ म्हणत असू, या मागाचे मागच्या रुळावरून येणारे तिसरा हिस्सा धागे कात्रीने कापले होते. प्रकल्पाचं नाव 'विच्छेद'. माग म्हणजे सत्ता आणि मी ती कापली, असं त्याने अर्धा तास समजावून सांगितलं. तो वर्षात पहिला आला. कापलेले धागे तेव्हापासून लोंबत होते. पाहुण्यांना ते कलाकृती म्हणून दाखवले जात.

मावशी पहिल्यांदा त्या दालनात आली तेव्हा लोंबणाऱ्या धाग्यांपुढे बराच वेळ उभी राहिली. नातेवाइकाला दवाखान्यात पाहावं तशी.

"कोणी केलं हे?"

"तो प्रकल्प होता," मी म्हटलं.

"त्याला बोलावलं नाही का कोणी, परत जोडायला?"

मला दुसरंच काहीतरी सुचलं. मावशी एक धागा बोटांत धरून बघत होती आणि खिडकीतून उजेड तिच्या हातांवर पडला होता. सुया लागून लागून अंगठ्याची कातडी जाड झालेली, बोटांची पेरं सुजल्यासारखी, नखं बारीक कापलेली. मी फोन काढला आणि फोटो घेतले.

माझ्या सत्रप्रकल्पाचं नाव 'हात : श्रमाचा नकाशा'. ते फोटो मोठे करून रेशमी रुमालांवर छापले. पोतबाई हरखून गेल्या. "हे तुला कुठे सापडले?" त्यांनी विचारलं. हे म्हणजे हात. मी म्हटलं, संशोधन करताना. मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले आणि रुमाल काचेच्या कपाटात गेले.

मावशीने कपाटाच्या काचेला नाक लावून पाहिलं. "आधी सांगितलं असतंस तर हात धुऊन तरी आले असते," ती म्हणाली. मग जरा वाकून, "त्या दुसऱ्या रुमालाच्या कडेला धागा सुटलाय बघ."

फेब्रुवारीत बातमी आली की मूल्यांकन समिती येणार आहे. तीन जण, दोन दिवस. त्यांच्या पत्रात एक ओळ होती: मोठा माग चालू स्थितीत पाहायचा आहे. पोतबाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. मग सहायकांना बोलावलं. सहायक म्हणाले, सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. बाई म्हणाल्या, कोणता प्रश्न. चार वर्षांत हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. सहायकांनी टॉवेल उचलला आणि ते रजेवर गेले.

बाईंनी वर्गात येऊन आवाहन केलं की आपण सर्वांनी मिळून मागाशी संवाद साधायचा आहे. तत्त्वज्ञाने सुचवलं की माग बंदच ठेवावा आणि त्याच्या शांततेवर एक टिपण लावावं. बाईंनी यावर खरोखर विचार केला. तेवढ्यात मावशी म्हणाली, "ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केलाय का कोणी?"

फोन करायचा हे कोणाला सुचलं नव्हतं, आणि केला असता तरी नंबर कुठे होता. मावशी उठून दालनात गेली, आम्ही मागोमाग. मागाच्या डाव्या अंगाला उद्घाटनाचा फलक अजून बांधलेला होता, फितीसकट. तिने फलक सोडवून खाली ठेवला. त्याखाली एक पिवळी चिकटपट्टी होती: बिघाड झाल्यास संपर्क, आणि खाली नंबर.

कंपनीचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पन्नाशीचा, हातात छोटी पेटी. त्याने मागाभोवती एक फेरी मारली, पाठीमागे वाकला आणि विचारलं, "हे लाल बटण कोणी दाबलं?"

ते उद्घाटनात प्रमुख पाहुण्यांनी दाबलं होतं. कपाटात त्याचा फोटो होता, पाहुणे हसत लाल बटण दाबतायत, बाजूला टाळ्या. लाल बटण माग तातडीने थांबवण्याचं होतं. चालू करण्याचं हिरवं, त्याच्या शेजारीच. पाहुण्यांनी माग सुरू करण्याऐवजी थांबवला होता आणि चार वर्षं तो आज्ञाधारकपणे थांबून होता.

मेकॅनिकने बटण पिळून सोडवलं. काहीतरी खालून गुरगुरलं आणि दिवे लागले. पोतबाई म्हणाल्या, "याच्या आवाजाला काय पोत आहे." मेकॅनिकने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो लोंबत्या धाग्यांकडे वळला.

"हे मात्र मी नाही करणार. सोळाशे धागे असतील. प्रत्येकाला जोड द्यावा लागेल, म्हणजे दोन दोन गाठी. बाहेरून माणूस मागवा. महिनाभर तरी मिळायचा नाही."

समिती अकरा दिवसांवर होती.

"धागा कोणता आहे?" मावशीने विचारलं. त्याने सांगितलं. तिने त्याच जाडीच्या धाग्याचं रीळ कपाटातून काढलं, एक तुकडा तोडला, आणि दोन टोकं एकमेकांवर ठेवून बोटांनी काहीतरी केलं. मला फक्त एवढं दिसलं की आधी दोन धागे होते आणि आता एक. मेकॅनिकने तो धागा ओढून पाहिला, मग नखाने गाठ चाचपली. मग पेटी खाली ठेवून मावशीला विचारलं, "कुठल्या गिरणीत होतात?"

मावशीने नऊ दिवस गाठी मारल्या. तास चालू असायचे, ती दालनात असायची. पहिल्या दिवशी आम्ही सगळे मदतीला गेलो. तत्त्वज्ञाने तीन गाठी मारल्या, तिन्ही सुटल्या, आणि त्याला कुठूनसं बोलावणं आलं. संध्याकाळपर्यंत मी एकटी उरले. मोठ्या मनाने उरले असं नाही. आईने सकाळी बजावलं होतं की तिला एकटीला सोडून घरी आलीस तर बघ.

"अंगठ्याने दाब," मावशी सांगायची. "ओढू नकोस, बसव. हां. आता कापून टाक टोक. एवढं लांब नाही, मागाच्या फणीत अडकेल."

माझ्या चाळीसपैकी वीसएक गाठी तिने न बोलता परत मारल्या. तिसऱ्या दिवशी पंधरा. माझी मान आखडली, बोटांच्या टोकांना चिरा पडल्या. पाचव्या दिवशी मी विचारलं, "तू बावीस वर्षं हेच केलंस?"

"छे. गाठी मारायला गाठवाल्या होत्या वेगळ्या. मी त्यांच्या चुका पकडायचे. त्या मला शिव्या द्यायच्या. मग त्यांच्यातलीच एक निवृत्त झाली तेव्हा तिने मला शिकवलं, म्हणजे मला कळावं की हे सोपं नसतं."

समिती आली. अध्यक्ष म्हणजे चष्मा गळ्यात अडकवलेल्या एक उंच बाई होत्या. पोतबाईंनी हिरवं बटण स्वतः दाबलं. माग सुरू झाला, आणि चार मिनिटांत करड्या रंगाच्या कापडावर पानांची नक्षी उमटायला लागली. आमच्यापैकी कित्येकांनी कापड विणलं जाताना पहिल्यांदाच पाहिलं. मावशी मागाच्या मागच्या बाजूला उभी होती, एखादा धागा तुटलाच तर म्हणून.

"हे धागे कोणी जोडले?" अध्यक्षांनी विचारलं.

"ती एक सामूहिक प्रक्रिया होती," पोतबाई म्हणाल्या.

समिती कपाटाकडे वळली. अध्यक्षांनी माझा रुमाल बाहेर काढायला लावला, चष्मा डोळ्यांवर चढवला. "विलक्षण," त्या म्हणाल्या. "कोणाचे हात आहेत हे?"

मावशी माझ्यापासून चार हातांवर होती. तिचे हात मागाच्या दांड्यावर होते. मला फक्त बोट दाखवायचं होतं.

"एका श्रमिक स्त्रीचे," मी म्हटलं.

अध्यक्षांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. माग चालत राहिला.

त्या संध्याकाळी मावशी आमच्या घरी आली. आईने चहा टाकला. मी आत जाऊन बसले, मग बाहेर आले, कारण आत बसणं जास्त कठीण होतं.

"तुझ्या अध्यक्षबाईंची गंमत वाटली," मावशी बशीत चहा ओतत म्हणाली. "रुमाल बघितला, मग दांड्यावरचे माझे हात बघितले, आणि दोन्ही एकच आहेत हे काही त्यांना ओळखू आलं नाही. छपाई वाईट आहे तुझी."

आई म्हणाली, "कसले हात?" मावशी म्हणाली, "काही नाही, अभ्यासातलं आहे." तिने तेवढ्यावरच सोडलं. मला वाटतं, ती ओरडली असती तर मी आजवर ते विसरूनही गेले असते.

विभागाला उत्तम श्रेणी मिळाली. मावशी मात्र सत्रात नापास झाली. मागाच्या कामाला गुण होते, पण त्यासोबत एक प्रक्रिया-वही द्यायची होती, आणि मावशीने दिली होती ती अशी: सोमवार, एकशे ऐंशी धागे, सात पुन्हा. मंगळवार, दोनशे दहा, चार पुन्हा, डावा अंगठा दुखतो. बुधवार, फणीची तीन घरं वाकलेली, सरळ केली. नऊ दिवसांच्या नऊ नोंदी. पोतबाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, 'आत्मचिंतनाचा अभाव.'

मी म्हटलं, मी लिहून देते तुला. लिहिलंही. 'गाठ मारताना मी स्वतःलाच जोडत गेले' अशी सुरुवात होती. मावशीने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दोघी बहिणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेवटचा परिच्छेद तर त्यांना वाचताच येईना.

"हे दिलं तर पास होईन?" तिने डोळे पुसत विचारलं.

"नक्की."

"मग नको. पुढच्या वर्षीही असंच लिहावं लागेल."

आठवड्याभरात तिने नाव काढून घेतलं. त्या मेकॅनिकने आपल्या कंपनीत शब्द टाकला होता. जिथे जिथे त्यांचे माग जातात तिथे माणसांना शिकवायला कोणी हवं होतं. पोतबाईंनी निरोप समारंभ ठेवला आणि मावशीच्या जाण्याने विभागाच्या पोतात एक रिकामी जागा राहील असं म्हणाल्या. ते अगदी अक्षरशः खरं ठरलं. मावशी गेल्यावर बाराव्या दिवशी मागावरचा एक धागा तुटला आणि माग थांबला. एक धागा तुटला तरी तो थांबतो, बनवणाऱ्यांनीच तसं बनवलंय. तो धागा मी दोनदा जोडला. दोन्हीदा सुटला. सहायक रजेवरून परत आले होते. त्यांनी टॉवेल आणला.

पण आता एका कपड्यांच्या कंपनीला आमच्याकडून नमुने हवे होते. माग बंद आहे असं सांगणं अवघड होतं, कारण श्रेणीपत्रात तो चालू होता. पोतबाईंनी पिवळ्या चिकटपट्टीवरच्या नंबरला फोन केला आणि पाच दिवसांचं प्रशिक्षण मागवलं. कंपनीची अट होती की शिक्षकांनीही बसायचं. प्रशिक्षक कोण ते पत्रात नव्हतं.

मावशी कंपनीच्या निळ्या कोटात आली. छातीवर खिसा, खिशात छोटी कात्री. पोतबाई दाराशी घ्यायला गेल्या आणि काय म्हणून हाक मारावी ते त्यांना कळेना. शेवटी "मॅडम" म्हणाल्या. मावशीने मान हलवली, प्रत्येकाला दोऱ्याचे दोन तुकडे वाटले आणि कामाला लावलं. प्रस्तावना नव्हती.

दुपारपर्यंत दालनात फक्त गाठी चालल्या होत्या. मावशी एकेकाची गाठ दोन्हीकडून ओढून बघायची आणि म्हणायची, "सुटली. पुन्हा." तत्त्वज्ञाला सव्वीस वेळा म्हणाली. सहायकांना अर्ध्या तासात जमलं. ते सगळ्यात आधी सहायकांनाच खटकलं, कारण आता 'मला येत नाही' ही सबब उरली नव्हती.

पोतबाईंची गाठ ओढली तशी दोन्ही टोकं हातात आली.

"मला वाटतं," बाई म्हणाल्या, "या सुटण्यातही एक अपूर्णतेचं सौंदर्य आहे."

"हो, अपूर्णच आहे," मावशी म्हणाली. "पूर्ण करा."

पाचव्या दिवशी प्रमाणपत्रं होती. छापील कागदावर दोन चौकटी होत्या, 'उपस्थित' आणि 'उत्तीर्ण', त्यांपैकी योग्य तिथे खूण करायची. सहायक उत्तीर्ण झाले. आणखी तीन मुली झाल्या. पोतबाईंना 'उपस्थित' मिळालं. त्यांनी तो कागद घडी न घालता पर्समध्ये ठेवायचा प्रयत्न केला, तो मावला नाही, मग घडी घातली. विभागाच्या भिंतीवर त्यांची बाकीची सगळी प्रमाणपत्रं आहेत, हे एक नाही.

माझ्या चाळीसपैकी एकतीस गाठी टिकल्या. मावशीने दोनदा मोजल्या. चौकटीवर पेन टेकवताना तिचा हात जरा थांबला असं मला वाटलं, पण ते मला वाटलं असेल. तिने 'उपस्थित'वर खूण केली आणि कागद मला दिला.

"चाळीस लागतात," ती म्हणाली.

हे कळल्यावर आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. सख्ख्या भाचीला नापास केलं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. मी मात्र बोलले. पुढची तुकडी जूनमध्ये होती आणि नावं मावशीच लिहून घेत होती.